वाळूत उमटलेलं मन

वाळू हलली तेव्हा सभागृहात खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले.

फर्निचरच्या दुकानावरचं ते सभागृह एरवी सोसायट्यांच्या भांडणांसाठी भाड्यानं जायचं. त्या दिवशी मात्र तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, उरलेले लोक जिन्यावर उभे राहून पुढच्याच्या खांद्यावरून माना उंचावत होते. मंचावर कमरेइतक्या उंचीचं एक स्टूल होतं आणि त्यावर काळ्या पत्र्याचं चौकोनी तबक. स्टुलाला जमिनीपर्यंत जांभळं कापड गुंडाळलेलं. तबकावर बारीक पांढरी वाळू. समोरच्या खुर्चीत पोस्टातली एक कारकून बाई बसली होती. तिच्या मुठीत तांब्याची तार होती आणि तारेचं दुसरं टोक तबकाला जोडलेलं होतं. सभागृहभर एकच सूर घुमत होता, मोठ्या माशीनं कानाशी ठाण मांडावं तसा. हा म्हणे विश्वाचा मूळ नाद.

"ही वाळू नाही," नादगुरू म्हणाले. पांढरा रेशमी झगा, रुपेरी केस आणि गालाला चिकटवलेला माइक. "हा आरसा आहे. साध्या आरशाला चेहरा दिसतो, हिला मन दिसतं. डॉक्टर तुमचं रक्त तपासतात. रक्तात दुःख सापडलंय का कधी कुणाला?"

लोक हसले. खरंच कुणालाच सापडलं नव्हतं.

वाळू थरथरली, सरकली आणि तिच्या वेड्यावाकड्या रेघा झाल्या. वरच्या पडद्यावर त्या मोठ्या होऊन दिसू लागल्या. नादगुरूंनी चुकचुकल्यासारखं केलं. "बघा. गाठ. ताई, तुमच्या मेंदूची कंपनं आणि हृदयाची कंपनं एकमेकांशी बोलत नाहीत. घरात अबोला असावा तसा आत अबोला आहे."

पोस्टातल्या बाईंचे डोळे भरून आले. घरातल्या अबोल्याचं कुणी बोललं की बहुतेकांचे भरतात.

मग नादगुरूंनी पितळी भांडी वाजवली, एकेक करून, हळुवार. लोकांचे खांदे उतरले, श्वास लांबले. शेवटी त्यांनी डोळे मिटून मोठ्या घंटेवर टोला हाणला. सभागृह दणाणलं. तो दणका विरला तेव्हा तबकावर रेघांची गाठ नव्हती. तिथं फूल होतं. आठ पाकळ्यांचं, रेखीव, नक्षीकामवाल्यानं तोंडात बोट घालावं असं.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या.

या बाई शाळेत व्हायोलिन शिकवायच्या. व्हरांड्यातून जाता जाता वर्गात कुणाची तार उतरली आहे हे त्या सांगायच्या, म्हणून मुलांनी त्यांचं नाव कानवाल्या बाई असं ठेवलं होतं. आणि आत्ता त्यांच्या कानाला काहीतरी खुपलं होतं. घंटेच्या आधी विश्वाचा मूळ नाद जिथं होता, तिथं तो घंटेनंतर नव्हता. जरासा वर चढला होता. विश्वाचा मूळ नाद असा टोल्यासरशी चढायला लागला तर विश्वाचं कसं व्हायचं, असं त्यांच्या मनात आलं. पण त्या हसल्या नाहीत, कारण शेजारी त्यांचा मोठा भाऊ बसला होता आणि तो तबकाकडे पाहत होता ते टाळ्या वाजवणाऱ्यासारखं नव्हे. नापास झालेला मुलगा पहिल्या आलेल्याचा निकाल पाहतो, तसं.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस बोलका. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं लावत गप्पा मारायचा. आदल्या वर्षी हे सगळं हळूहळू थांबलं. काही घडलं होतं म्हणावं तर तसं काहीच घडलं नव्हतं. दुकान उशिरा उघडू लागलं, मग उघडेनासं झालं. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, पण ताटाशी बसलेला माणूस दादा नसायचा. वहिनीनं त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नैराश्य, त्या म्हणाल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. उतारा सावकाश पडत गेला. दादा दाढी करू लागला. संध्याकाळी बाई पलीकडच्या खोलीत व्हायोलिन वाजवायच्या तेव्हा एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, "छोटे, मघाचं ते परत वाजव." वहिनी स्वयंपाकघरात पदर डोळ्याला लावून उभी राहिली होती.

आणि मग गावात नादगुरू आले.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर दादा बूट न काढताच पलंगावर बसला.

"माझंही फूल पडलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. तू नव्हतीस."

"मग?"

"मग काय. चार दिवस हवेत होतो. नंतर पुन्हा तेच. गुरूंना विचारलं तर म्हणाले, फूल आम्ही दिलं, कोमेजलं असेल तर पाणी घालायचं कोणी राहिलं? खरंच आहे ते. सगळ्यांचं टिकतं, माझंच टिकत नाही. मुळात माझ्यातच काहीतरी..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं नजर चुकवली आणि उगाचच टेबल पुसायला घेतलं.

"वहिनी, गोळ्या चालू आहेत ना?"

टेबल पुसून लख्ख झालं. शेवटी वहिनी म्हणाली, "वन्सं, नादगुरू म्हणाले, गोळी म्हणजे तारेला बांधलेला दगड. दगड असेल तर तार वाजेल कशी? मीच टाकल्या कचऱ्यात. यांना बरं वाटावं म्हणूनच ना हो?"

रागावण्यात अर्थ नव्हता. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर जांभळ्या कापडात गुंडाळून आली होती. दुसऱ्या दिवशी बाई दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी दादाशी बराच वेळ बोलून, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का हेसुद्धा सरळ विचारलं. दादानं खाली पाहत सांगितलं, "करावंसं नाही वाटत. पण सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं." वहिनीचा हात तोंडावर गेला. हे तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं.

डॉक्टरीणबाई घाबरल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "सांगितलंत ते फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "या गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. तुम्ही घसरलात त्यात तुमचा दोष नाही, औषध तुटलं त्याचा आहे. पुन्हा सुरू करू. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर मला भेटत राहायचं आणि घरात एकटं राहायचं नाही."

"आणि संगीत?" दादानं विचारलं. "ते सगळं खोटंच का?"

"छे, छे. मी स्वतः पेशंटना गाणं ऐकायला सांगते. जमत असेल तर चारचौघांत बसून गायला सांगते. श्वास लांबतो, जीव थोडा थाऱ्यावर येतो, माणूस माणसांत बसतो. शिकलेले संगीतोपचारक असतात, ते आमच्या जोडीनं काम करतात. पण जोडीनं. औषधाला हाकलून देऊन नव्हे."

येताना बाईंना कळत होतं, गोळी पोटात जाईल, पण ते फूल डोक्यातून जाणार नाही. जोवर त्या पत्र्याला आपलं मन दिसतं असं याला वाटतंय, तोवर हा स्वतःला नापासच समजणार.

शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांनी विज्ञानाच्या सरांना गाठलं. वाळू, पत्रा, फूल, सगळं सांगितलं. सर डबा खाता खाता हसू लागले. "अहो बाई, दोनशे वर्षांहून जुना प्रयोग हा. आणि त्याला लागतं काय, तर व्हायोलिनचा गज. तुमच्या खांद्यालाच लटकलाय की तो." त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून धुळीनं माखलेला चौकोनी पत्रा काढून दिला. मधोमध स्क्रूनं दांड्यावर बसवलेला.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाईंनी तो पत्रा मांडला. वर चिमूटभर मीठ भुरभुरलं. दादा चहाचा कप घेऊन दाराशी उभा राहिला. वहिनी ओट्याशी.

बाईंनी गजाला राळ घासली आणि पत्र्याच्या कडेवरून वरून खाली एकदा ओढला. पत्रा किंचाळला. मीठ उडालं, धावलं आणि एका जागी येऊन थांबलं. पत्र्यावर चांदणी होती.

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"आता बघ हं," बाई म्हणाल्या. त्यांनी कडेवर एका जागी बोट टेकवलं आणि दुसऱ्या जागी गज ओढला. सूर बदलला, मीठ पुन्हा पळालं. आता चांदणीऐवजी पाकळ्या होत्या. "पत्रा वाजतो तेव्हा सगळाच्या सगळा हलत नाही. काही जागा जोरात उडतात, काही जागा गप्प बसतात. उडणाऱ्या जागेवरचं मीठ फेकलं जातं आणि गप्प जागेवर जाऊन बसतं. सूर बदलला की गप्प जागा बदलतात आणि नक्षी बदलते. झालं. सुखी माणूस समोर बसो, दुःखी बसो, नाहीतर आपलं कपाट बसो."

"पण तिथं तर गज नव्हता," वहिनी म्हणाली.

"तिथं तो घुमणारा सूर होता. कापडाखाली स्पीकर असणार, पत्रा त्याच्यावर बसवलेला. घंटा वाजते ना, त्या दणक्यात ते सूर बदलतात. मी ऐकलाय."

दादा जवळ आला. त्यानं कप ठेवला, गज मागून घेतला आणि स्वतः ओढला. पहिल्यांदा नुसतीच करकर. दुसऱ्यांदा मीठ नाचलं. तो वाकून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिला.

"म्हणजे त्यात मी नव्हतोच," तो म्हणाला.

बाईंना वाटलं, चुकलं आपलं. याच्याकडे होतं नव्हतं ते एक फूलही आपण काढून घेतलं.

पण दादा खुर्चीत बसला आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसला. "म्हणजे ते कोमेजलंही नव्हतं," तो म्हणाला. "मी काही कमी पडलो नव्हतो, छोटे." वहिनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग दादाच म्हणाला, "पोस्टातल्या त्या बाईही गोळ्या घेतात, त्याही सोडतील. माझ्या गिऱ्हाईक आहेत. येत्या कार्यक्रमाला खुर्चीत मी बसतो."

वहिनीनं नको नको म्हटलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या जरा विचार करून म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना. मी शेवटच्या रांगेत बसते."

कार्यक्रमाच्या दिवशी दादा मंचावर गेला आणि मुठीत तार धरून बसला. नादगुरूंनी त्याला ओळखलं. "पुन्हा आलात. चांगलं केलंत. आतली नदी आटली असेल तर माणसानं उगमाकडे यावं." वाळूत गाठ उमटली. भांडी वाजली. गुरूंनी डोळे मिटले, घंटेवर टोला हाणला आणि सभागृह दणाणलं.

फूल उमटलं. टाळ्या झाल्या.

"आता कसं वाटतंय?" गुरूंनी विचारलं.

"मला काय विचारता?" दादा म्हणाला. "खुर्चीला विचारा. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हाच तार तिच्या पायाला बांधलीय."

लोकांनी पाहिलं. तार खुर्चीच्या पायाला दोन वेढे घालून नीट बांधलेली होती आणि दादाचे दोन्ही हात मोकळे, गुडघ्यावर होते. मागून कुणीतरी खुदकन हसलं. "खुर्ची बरी झाली म्हणायची," दुसरं कुणी म्हणालं.

नादगुरू कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "तुम्ही खुर्चीत बसला आहात. तुमचं मन खुर्चीतून वाहिलं."

दादा उठून चार पावलं दूर उभा राहिला. "आता परत करा."

"नाद थट्टा सहन करत नाही."

"थट्टा नाही," तिसऱ्या रांगेतून बाई उठल्या. एका हातात पत्रा आणि दुसऱ्या हातात गज. "मीही करून दाखवते. माझ्याकडे तार नाही, घंटा नाही आणि पेशंटही नाही." त्या मंचाच्या कडेवर पत्रा ठेवून, वर मीठ भुरभुरून वाकल्या. वरच्या पडद्यासाठी लावलेला कॅमेरा एका तरुण मुलीनं आपणहून त्यांच्याकडे वळवला. गज ओढला गेला आणि पडद्यावर पाकळ्या उमटल्या. बाईंनी बोट सरकवलं, पुन्हा ओढला, वेगळ्या पाकळ्या उमटल्या. मग त्यांनी मीठ का पळतं ते सांगितलं, घरी सांगितलं होतं तसंच. आणि घंटेच्या आवाजाआड सूर कसा चढतो तेही.

"भ्रम," गुरू म्हणाले. "ही यांत्रिक नक्कल आहे. माझ्या तबकाखाली फक्त पोकळी आहे. निर्वात, पवित्र पोकळी."

पहिल्या रांगेत एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. झोप येत नाही म्हणून त्या दर कार्यक्रमाला यायच्या. त्यांनी आपली काठी लांब केली आणि जांभळ्या कापडाचं टोक अलगद वर उचललं. आत काळा, गोल, चांगला जाडजूड स्पीकर होता. त्यातून निघालेली वायर गालिच्याखाली शिरून गुरूंच्या उजव्या पायाखालच्या बटणाशी पोचली होती.

"पोकळी भरलेली दिसते," आजी म्हणाल्या.

हसण्याचा असा काही लोट उठला की खालच्या दुकानातला विक्रेता जिना चढून वर आला. गुरू थांबले. लोक हसून दमेपर्यंत थांबले आणि मग अगदी शांतपणे, माइक बाजूला करून म्हणाले, "ठीक आहे. स्पीकर आहे. पण तुम्हाला बरं वाटलं की नाही? छातीवर हात ठेवून सांगा."

हसणं विरलं. कारण बरं वाटलं होतं. पोस्टातल्या बाईंनी खाली पाहिलं. आजींनीही.

हा प्रश्न खरा होता, आणि बाईंनी तो हसण्यावारी नेला नाही. "वाटलं," त्या म्हणाल्या. "मलाही वाटलं. तुम्ही भांडी सुंदर वाजवता. दिवसभर धावलेली माणसं इथं तासभर फोन बंद करून स्वस्थ बसतात, हळुवार आवाज ऐकतात, शेजारी आपल्यासारखीच माणसं असतात. बरं वाटायलाच हवं. ते संगीताचं देणं आहे आणि ते कुणाच्याही बापाचं नाही. तुम्ही एवढंच सांगितलं असतंत तर मी माझं व्हायोलिन घेऊन तुमच्या शेजारी बसले असते. पण तुम्ही आजारी माणसाला औषध टाकायला लावलंत. आणि तो घसरला तेव्हा दोष त्याच्यावर टाकलात. माझ्या भावाला सकाळी उठूच नये असं वाटत होतं, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, फुलाला पाणी घालायचं तुम्हीच विसरलात."

बाई सभागृहाकडे वळल्या. "इथं अजून कुणी गोळ्या सोडल्यात?"

बराच वेळ एकही हात वर झाला नाही. मग पोस्टातल्या बाईंचा झाला. मग भिंतीशी टेकलेल्या एका धिप्पाड माणसाचा. मग जिन्यावरून दोन. शेवटच्या रांगेतून डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आज इथून निघायच्या आधी तुम्ही सगळे मला भेटा. लाजायचं काही कारण नाही."

नादगुरूंनी त्याच आठवड्यात गाशा गुंडाळला. पुढच्या गावी गेले असतील. पत्रा वजनाला हलका असतो आणि वाळू कुठंही मिळते.

दादा काही टोल्यासरशी बरा झाला नाही. काही सकाळी तो उठला, काही सकाळी वहिनीनं उठवला. गोळ्या चालू राहिल्या, डॉक्टरीणबाईंकडे बोलणं चालू राहिलं आणि कधीतरी दुकानाचं शटर वर गेलं. गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या संगीताच्या खोलीत बाईंनी गाणाऱ्यांचा एक गट जमवला. गाता येण्याची अट नव्हती, आणि दादाला ऐकल्यावर ते कुणालाही पटलं असतं. पोस्टातल्या बाई यायच्या, आजी यायच्या. आजींना अजूनही दर रात्री झोप लागत नाही, पण गुरुवारी बहुधा लागते, असं त्या सांगतात.

अशाच एका गुरुवारी पोस्टातल्या बाई जाता जाता म्हणाल्या, "बाई, काही म्हणा, तुमच्या हातात जादू आहे."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "हातात गज आहे आणि मागे रोजचा रियाज आहे. गाण्यानं तुम्हाला हलकं वाटतं ना, मग खुशाल गा, रोज गा. डॉक्टरांनाही सांगा की मी गाते, त्यांना आवडेल. पण उद्या कुणी म्हणालं की माझ्या सुरानं सगळं बरं होतं, बाकीचं सोडून द्या, तर त्याला विचारा, कसं होतं ते दाखव. दाखवता येत नसेल किंवा विचारलेलं खपत नसेल, तर सरळ उठून घरी जा. आणि तसं म्हणणारी मी असले, तर मलाही सोडू नका."